मुळशीच्या माळावर रॉकचा मांडव

जगप्रसिद्ध रॉक बँड 'पुण्यात' येतात, पण त्यांचे व्यासपीठ उभे राहते ते अनेकदा पुण्याबाहेरच्या गावांत. शहराची हौस आणि गावाची झोप यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आहे.

डिसेंबरातली शनिवारची दुपार. चांदणी चौक ओलांडला, की भूगाव, भुकूम आणि मग छोटासा घाट उतरून पिरंगुट. एरवी या रस्त्यावर कारखान्यांची मालवाहू वाहने, पाळी संपवून परतणारे कामगार आणि ताम्हिणीमार्गे कोकणात निघालेले पर्यटक यांची दाटी असते. शहराच्या पश्चिमेला एखादा मोठा संगीत महोत्सव असला, की या गर्दीत काळे टी-शर्ट घातलेल्या तरुणांची भर पडते. कुणाच्या छातीवर मेगाडेथचे नाव असते, कुणाच्या पाठीवर ओपेथचे. तिकिटावर ठिकाण 'पुणे' असे छापलेले असते. पण ज्या मातीवर ते रात्री उड्या मारणार असतात, ती बहुधा कुठल्या तरी ग्रामपंचायतीच्या हद्दीतली असते.

मुळशी तालुक्याने गेल्या दशकभरात हा अनुभव वारंवार घेतला. हिंजवडीजवळच्या मारुंजीतील लाइफ रिपब्लिक वसाहतीच्या मोकळ्या जागेत २०१६ मध्ये 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव झाला आणि ब्रिटनचा नामवंत रॉक संगीतकार स्टीव्हन विल्सन तेथे वाजवून गेला. २०१७ आणि २०१८ च्या अखेरीस बावधन-लवळे परिसरातील गोल्फ रिसॉर्टवर 'सनबर्न' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरला. २०२३ मध्ये वीकेंडरचा मांडव नांदे गावाजवळ पडला. लवळे आणि नांदे ही पिरंगुटच्या उत्तरेकडची गावे. रॉक संगीताला ही वाट का धरावी लागली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

रंगभवन ते कोरेगाव पार्क

महाराष्ट्रात पाश्चात्त्य रॉकचा पाहुणचार प्रदीर्घ काळ मुंबईनेच केला. २६ मार्च १९८० रोजी 'द पोलीस' या ब्रिटिश बँडने मुंबईच्या रंगभवनात केलेला कार्यक्रम जुने रसिक अजून आठवतात. तो एका महिला मंडळाने मदतनिधीसाठी आयोजित केला होता. धोबीतलावाजवळचे हे खुले नाट्यगृह पुढे रॉकप्रेमी तरुणांचे जणू देवालयच बनले. परंतु आजूबाजूला रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि २००३ च्या सुमारास तेथील मैफली थांबल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्सने ब्रेबॉर्न स्टेडियमवर हजेरी लावली, तर १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर वाजवून गेला.

पुण्याला श्रोत्यांची वानवा कधीच नव्हती. महाविद्यालयांचे शहर, नंतर माहिती तंत्रज्ञानाचे शहर, आणि त्याही आधीपासून कोरेगाव पार्कात परदेशी पाहुण्यांची वर्दळ. तरीही मोठा बँड पाहायचा तर पुणेकराने रेल्वेने किंवा द्रुतगती मार्गाने मुंबई गाठायची, हाच शिरस्ता होता. तो मोडला २०१० मध्ये. त्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात वीकेंडर महोत्सवाचे पहिले पर्व झाले. पुढे २०१२ मध्ये हडपसरच्या अमानोरा वसाहतीत मेगाडेथ हा अमेरिकी थ्रॅश मेटल बँड अवतरला. २०१७ मध्ये स्टीव्ह वाय आणि २०१८ मध्ये जो सॅट्रियानी हे गिटारवादक, तर २०१९ मध्ये स्वीडनचा ओपेथ असे पाहुणे पुण्याच्या वाट्याला आले. तोवर देशभरातील रॉकप्रेमी हिवाळ्यात पुण्याचे तिकीट काढू लागले होते.

एकट्याला न परवडणारा पाहुणा

मोठा बँड मुंबई-दिल्लीऐवजी पुण्यासारख्या शहरात येतो, यामागे महोत्सवाचे गणित आहे. एकाच बँडचा स्वतंत्र कार्यक्रम करायचा, तर मानधन, विमानप्रवास, व्यासपीठ, ध्वनी, प्रकाश, सुरक्षा हा सारा खर्च एका रात्रीच्या तिकीटविक्रीतून भरून काढावा लागतो. पावसाने किंवा परवानगीने दगा दिला, तर आयोजकाचे दिवाळे निघायला वेळ लागत नाही. महोत्सवात तोच खर्च दोन-तीन दिवसांवर, चार-पाच व्यासपीठांवर आणि पन्नासएक कलाकारांवर वाटला जातो. शिवाय प्रायोजक मिळतात. परदेशी बँड हे आकर्षण ठरते आणि त्याच्या सावलीत देशी बँडना हजारो श्रोते मिळतात. मोठ्या जत्रेत जसे देवदर्शनाला आलेले लोक पाळणे आणि फड पाहूनच परततात, तसेच हे.

दुसरे गणित प्रवासमार्गाचे. कुठलाही बँड केवळ पुण्यासाठी निघत नाही. युरोपातून आखाती देश, तेथून भारत, पुढे सिंगापूर, जपान किंवा ऑस्ट्रेलिया अशी साखळी जुळली, तरच मधला भारताचा थांबा परवडतो. आयर्न मेडनचे उदाहरण बोलके आहे. त्या बँडने २००८ चा जागतिक दौरा मुंबईतून सुरू केला आणि पुढचा मुक्काम ऑस्ट्रेलियातील पर्थला केला. त्यासाठी एका बोइंग ७५७ विमानात वादक, तंत्रज्ञ आणि वाद्यसामग्री एकत्र बसवण्यात आली होती आणि विमान चालवत होता बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः! बाकीच्या बँडना ही चैन परवडत नाही. ते गिटार आणि काही खास उपकरणे सोबत आणतात. ढोल, ध्वनिवर्धक आणि दिवे भाड्याने घेतात. त्यासाठी आयोजकाला आधी तांत्रिक यादी पाठवली जाते. व्यासपीठाची लांबी-रुंदी, विजेचा दाब, ध्वनिक्षेपकांचा प्रकार, अगदी खोलीत कोणते पाणी हवे, इथपर्यंत तपशील त्यात असतो.

पुण्याची सोय येथे उपयोगी पडते. भाड्याने मिळणारी सामग्री आणि ती हाताळणारे कुशल तंत्रज्ञ मुंबईच्या चित्रपट आणि कार्यक्रम उद्योगात मुबलक आहेत. ट्रकमध्ये सामान भरले, की द्रुतगती मार्गाने काही तासांत ते मारुंजीच्या माळावर उतरते. मुंबईचा विमानतळ, मुंबईची यंत्रणा आणि पुण्याची जमीन, असा हा त्रिवेणी संगम आहे.

आता तर मुंबई वगळूनही दौरे आखले जातात. एड शीरन या ब्रिटिश गायकाने २०२५ चा भारत दौरा ३० जानेवारीला पुण्यात सुरू केला आणि पुढे हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, शिलाँग, दिल्ली असा प्रवास केला. त्या यादीत मुंबई नव्हती. प्रादेशिक शहरांचे दिवस आले आहेत, ते असे.

शहरातून माळरानाकडे

मग हे कार्यक्रम शहराच्या मध्यभागी का होत नाहीत? पहिले कारण जागा. वीस-पंचवीस हजार माणसे, तितक्यांची वाहने, चार व्यासपीठे आणि खाद्यपदार्थांचे गाळे मावतील असा सलग भूखंड जुन्या पुण्यात उरलेला नाही. क्रिकेटचे मैदान मिळाले, तरी खेळपट्टी आणि हिरवळ सांभाळण्याची अट असते.

दुसरे कारण कायद्याचे. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही चौकट उचलून धरली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. पेठांमध्ये दर चार पावलांवर शाळा किंवा दवाखाना असल्यावर निराळे काय होणार?

या नियमाचा फटका केवळ पाश्चात्त्य संगीताला बसला, असे नाही. १९५३ मध्ये पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर रंगत असे. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. दहाच्या मर्यादेने त्या रात्री संपल्या. शनिवार पेठेतील रमणबागेतून महोत्सव मुकुंदनगरला गेला. शास्त्रीय संगीताने वेळ बदलून घेतली. रॉकने गाव बदलले.

कोरेगाव पार्क, हडपसर, मारुंजी, नांदे. महोत्सवाच्या मुक्कामांचा हा क्रम सलग नाही, मधल्या काळात तो पुन्हा शहराकडेही वळला. मात्र दिशा स्पष्ट आहे. शहर जसे पसरते, तसा मोकळा माळ पुढे सरकतो आणि मांडव त्याच्या मागे जातो. मारुंजीत आज ठिकठिकाणी इमारती उभ्या आहेत. उद्या नांद्यालाही त्या उभ्या राहतील. मग पुढचा माळ पिरंगुटच्या आसपासचाच.

दरीत घुमणारा आवाज

गावाबाहेर कार्यक्रम केला, की आवाजाचा प्रश्न मिटला, असा शहरातला समज असतो. तो चुकीचा आहे. आवाजाचा उगम एका ठिकाणी असेल, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. व्यासपीठापासून ५० मीटरवर १०० डेसिबल आवाज असेल, तर १०० मीटरवर तो ९४, २०० मीटरवर ८८, ४०० मीटरवर ८२, ८०० मीटरवर ७६ आणि १६०० मीटरवर ७० डेसिबल राहतो. म्हणजे दीड किलोमीटरवरच्या घरातही कागदोपत्री निवासी मर्यादेपेक्षा १५ डेसिबल अधिक! प्रत्यक्षात झाडी, जमीन आणि हवा काही आवाज शोषून घेतात, ध्वनिक्षेपकांची तोंडे एका दिशेला वळवलेली असतात, त्यामुळे आकडा कमी होतो. परंतु हे शोषण मुख्यतः उंच स्वरांचे होते. ढोल आणि बेस गिटारचे खर्जातले ठोके भिंती आणि खिडक्या ओलांडून घरात शिरतात. गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण छातीत धडधड जाणवते, ही तक्रार त्यामुळेच येते.

मुळशीच्या भूगोलाची त्यात भर पडते. सभोवती डोंगर आणि मध्ये खोलगट माळ, अशा ठिकाणी आवाज उतारांवर आपटून परततो. हिवाळ्यात सूर्य मावळताच जमिनीलगतची हवा लवकर थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी आकाशाकडे निघून जाणाऱ्या ध्वनिलहरी या थरामुळे खाली वाकतात आणि लांबवर पोहोचतात. थंडीच्या रात्री दूरच्या रेल्वेची शिटी जवळ वाटते, त्याचे कारण हेच. आणि मोठे महोत्सव तर नेमके नोव्हेंबर-डिसेंबरातच होतात. कारण पावसाळ्यात माळावर चिखल आणि उन्हाळ्यात अंगाची लाही.

यावर तांत्रिक उपाय आहेत. व्यासपीठाचे तोंड वस्तीच्या विरुद्ध दिशेला ठेवणे, एकाच ठिकाणाहून प्रचंड आवाज सोडण्याऐवजी मैदानात मध्ये-मध्ये लहान ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारणे, हे त्यातले मुख्य. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ३४ मीटर अंतरावरच्या मनोऱ्याला सेकंदाचा दहावा भाग उशिराने आवाज सोडावा लागतो, नाहीतर श्रोत्याला सगळे दोनदा ऐकू येते. हे गणित तंत्रज्ञ चोख करतात. गावाच्या वेशीवर कुणीतरी मापक यंत्र घेऊन उभे राहण्याचे काम मात्र बहुतेकदा कुणाचेच नसते. नियमानुसार सार्वजनिक ठिकाणाच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तीच कमाल पातळी आहे.

परवानगी कुणाची, पैसा कुणाचा

अशा कार्यक्रमासाठी आयोजकांना महसूल, पोलीस, अग्निशमन, वीज, उत्पादन शुल्क अशा अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही त्यात असतो. मात्र निर्णयाची खरी सूत्रे जिल्हा प्रशासन आणि पोलिसांकडे राहतात. शहरालगतच्या गावांत आणखी एक अडचण येते. एका गावात पोलीस आयुक्तालयाची हद्द संपते आणि पलीकडे पुणे ग्रामीण पोलिसांची सुरू होते. पिरंगुटचा कारभार पौड पोलीस ठाण्याकडे आहे. कार्यक्रम एका हद्दीत आणि वाहतूक कोंडी दुसऱ्या हद्दीत, असे सहज घडू शकते.

पैशाचा प्रश्न जुनाच आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत झालेल्या मायकेल जॅक्सनच्या कार्यक्रमाला तेव्हाच्या सरकारने करमणूक कर माफ केला. त्यावर ग्राहक संघटना न्यायालयात गेली आणि सुमारे ३ कोटी ३६ लाख रुपयांचा हा वाद जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा माफीचा निर्णय घेईपर्यंत भिजत पडला. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला. ५०० रुपयांपेक्षा महाग तिकिटावर हा कर भरावा लागतो. २०१८ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. ही रक्कम केंद्र आणि राज्य यांच्यात विभागली जाते. ज्या गावाच्या रस्त्यावर वाहने उभी राहिली, त्या गावाच्या तिजोरीत ती थेट येत नाही.

गावाला काहीच मिळत नाही, असेही नाही. जमीनमालकाला भाडे मिळते, शेजारच्या शेतात वाहनतळ होतो, मांडव, जनरेटर, पाण्याचे टँकर, सुरक्षारक्षक आणि सफाई यांतून तरुणांना चार दिवस काम मिळते. चहा-वडापावच्या गाड्यांची चलती होते. पण हा लाभ मोजक्यांना होतो आणि गैरसोय सर्वांना, हे दुखणे राहतेच.

एकच रस्ता, एकच रुग्णवाहिका

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. डेन्मार्कमधील रोस्किल्डे महोत्सवात ३० जून २००० रोजी पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात व्यासपीठासमोर रेटारेटी होऊन ९ तरुणांचा मृत्यू झाला. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चौघांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी धडा एकच मिळाला. गर्दीची जोखीम तिच्या आकड्याइतकीच तिच्या वाटांवर अवलंबून असते. आत येण्याची आणि बाहेर पडण्याची दारे किती, ती कुठे अरुंद होतात, अडकलेल्या माणसापर्यंत मदत किती मिनिटांत पोहोचते, हे आधी ठरवावे लागते.

मुळशीत हा प्रश्न मैदानाच्या दारावर संपत नाही. लवळ्याला पोहोचण्यासाठी एक वाट सूस-नांद्याकडून आणि दुसरी पिरंगुटकडून. दोन्ही अरुंद. लवळ्याच्या परिसरात मोठी विद्यापीठे आहेत, पिरंगुट-उरवड्यात कारखाने आहेत. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील रासायनिक कंपनीत लागलेल्या भीषण आगीत कामगारांचे जीव गेले, ही आठवण ताजी आहे. अशा पट्ट्यात अग्निशमन वाहनाला आणि रुग्णवाहिकेला वाट मोकळी असणे ही जिवाची गरज आहे. चांदणी चौकातील नवे उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाल्याने शहराच्या तोंडावरची कोंडी सैल झाली. पुढचा भूगाव-पिरंगुट रस्ता मात्र तेवढा भाग्यवान नाही. रात्री दहाला कार्यक्रम संपतो आणि हजारो वाहने एकाच वेळी बाहेर पडतात. त्या वेळी पिरंगुटहून पुण्याकडे निघालेल्या बाळंतिणीच्या गाडीने काय करायचे?

हौस आणि हक्क

या प्रश्नाचे उत्तर बंदी हे नव्हे. पुण्याच्या तरुणाला स्टीव्हन विल्सन ऐकण्याची जी ओढ आहे, ती त्याच्या आजोबांच्या सवाईच्या ओढीहून कमी प्रतीची नाही. मुळशीतली मुलेही आज त्याच मोबाइलवर तीच गाणी ऐकतात. त्यांनाही हा सोहळा हवा आहे. प्रश्न आहे तो रीतीचा.

काही गोष्टी अवघड नाहीत. दरवर्षी नवा माळ शोधण्याऐवजी जिल्ह्यात एखादी जागा कायमची निश्चित करावी. तिच्याभोवती वस्ती, दवाखाने आणि रस्ते यांची पाहणी आधीच व्हावी. तिकिटातच बसचे भाडे धरावे आणि चांदणी चौक किंवा हिंजवडीहून बस सोडाव्यात, म्हणजे खासगी गाड्यांचा लोंढा आटोक्यात येईल. आवाजाचे मापन गावाच्या वेशीवर व्हावे आणि त्याचे आकडे त्याच रात्री जाहीर व्हावेत. रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका राखीव असावी. प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम ग्रामपंचायतीला मिळावी आणि ती रस्ता, शाळा, कचरा यांवर खर्च व्हावी. आणि हे सारे ठरवताना ग्रामसभेला आमंत्रण असावे. ना हरकत दाखला मिळाल्यानंतरचे नव्हे, आधीचे.

मुळशीला शहरासाठी काहीतरी सोडून देण्याची सवय जुनी आहे. १९२१ मध्ये येथल्या शेतकऱ्यांनी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच आणि त्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला गेली. दोन-तीन रात्रींच्या गाण्याची तुलना त्या विस्थापनाशी करता येणार नाही. पण तेव्हा न विचारलेला प्रश्न आजही तोच आहे: ज्यांची जमीन, त्यांना विचारले का?

महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी व्यासपीठाचे लोखंडी सांगाडे उतरतात, ट्रक भरून मुंबईकडे निघतात आणि बँड पुढच्या देशाचे विमान पकडतो. माळावर मागे राहतात तुडवलेले गवत, प्लॅस्टिकचे पेले आणि सफाईला आलेली गावातली माणसे. पुढच्या वर्षी हा मांडव पुन्हा आपल्या शिवारात पडावा, असे त्या माणसांना मनापासून वाटले, तरच पुणे खऱ्या अर्थाने रॉकचे शहर ठरेल.